कागलचे चेहरे

कागलास गैबी पिराचा उरूस भरतो त्या दिवसांत दर्ग्याच्या भोंवतालीं लोटणारी गर्दी एका बाजूस उभें राहून पाहण्याची आम्हांस फार वर्षांची आवड आहे. कागल हें महाराष्ट्राच्या अगदीं कडेचें गांव; दक्षिणेस थोडें पुढें गेलें म्हणजे कर्नाटकाची हद्द लागते, आणि बाजारांत मराठीच्या जोडीनें कानडीहि कानांवर येते. गर्दींत मराठे असतात, जैन व लिंगायत शेतकरी असतात, धनगर, कुंभार, बौद्ध, मुसलमान, ब्राह्मण असे सर्व असतात. चार वर्षांपूर्वीं असेच उभे असतां आमचे यजमान, कागलचेच एक वयोवृद्ध शेतकरी, आम्हांस म्हणाले, "सर, मानसाचं नाक बघितलं की त्यो कुठला ते मला कळतंय. ह्ये काय तुमच्या पुस्तकात न्हाई घावायचं."

आम्ही पडलों प्राध्यापक. परीक्षा घेण्याची खोड सुटत नाहीं. समोरून जाणारे पांच पुरुष आम्हीं त्यांस दाखविले. त्यांनीं प्रत्येकाची जात सांगितली, व सर्वांस ओळखणाऱ्या एका दुकानदाराकडून आम्हीं खात्री करून घेतली. पांचांपैकीं दोन उत्तरें बरोबर आलीं. त्यांतील एकाच्या खांद्यावर घोंगडी होती, आणि दुसरा यजमानांच्याच भावकींतील निघाला! म्हातारे मोकळ्या मनाचे. ते आमच्याहून मोठ्यानें हंसले. परंतु ज्यांस पांच नाकांत तीन वेळां ठेंच लागली त्यांच्याच घरीं दोन डोळ्यांनीं केवढा अनर्थ मांडला होता, हें आम्हांस त्या रात्रीं जेवतांना कळलें.

त्यांची नात घाऱ्या डोळ्यांची आहे. तिचा बाप काळ्या डोळ्यांचा, आई काळ्या डोळ्यांची, आजाआजी तशींच. मूल जन्मलें तेव्हां घरांतील वडील बायकांनीं कोणाचें नांव न घेतां बोलावयास आरंभ केला. नांव न घेतां बोललेलें जितकें लागतें तितकें शिवी देऊन बोललेलें लागत नाहीं. मुलगा भला, पण गप्प बसणारा. अखेर सून माहेरीं गेली व सात महिने परत आली नाहीं. ही हकीकत आम्ही त्या कुटुंबाच्या संमतीनें लिहीत आहों. नांवगांवाची चौकशी वाचकांनीं करूं नये.

चेहऱ्यावरून कुळ ओळखतां येतें, आणि कुळावरून चेहरा कसा असावा हें सांगतां येतें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. तिचा इतिहास पाहावयाचा तर कागलासारखें दुसरें गांव शोधून सांपडणार नाहीं. कारण या गांवच्या घाटगे घराण्यानें दोन मोठ्या राजकुळांस आपलीं मुलें दिलीं, आणि त्या दोन्ही कुळांचा पुढील वंश दत्तकानें चालला.

पहिलें उदाहरण बायजाबाईंचें. त्या सर्जेराव घाटगे यांच्या कन्या. जन्म १७८४ सालचा. १७९८ सालीं दौलतराव शिंद्यांशीं त्यांचें लग्न झालें, व त्यांच्या रूपाची ख्याति सर्व हिंदुस्थानांत पसरली. १८३५ सालीं फतेगड येथें फॅनी पार्क्स या इंग्रज प्रवासिनीनें त्यांस पाहिलें. तेव्हां बाईंनीं पन्नाशी ओलांडली होती. राज्य हातचें गेलें होतें. पार्क्सबाईनें त्यांचे पिकलेले केस व स्थूल शरीर नमूद करून, हंसणें मोठें गोड, हातपाय लहान व सुबक, असें वर्णन केलें आहे. एवढें रूप शिंदेशाहीच्या गादीवर मात्र उतरलें नाहीं. १८२७ सालीं दौलतराव पुत्रावांचून वारले, आणि बायजाबाईंनीं शिंद्यांच्या भाऊबंदांपैकीं एक मुलगा मांडीवर घेतला. तो जनकोजीराव. ग्वाल्हेरची गादी चालली, शिंद्यांचें नांव चाललें. कागलचे ते सुबक हात मात्र त्या वाटेनें पुढें गेले नाहींत.

दुसरें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव, जन्म २६ जून १८७४, हे १७ मार्च १८८४ रोजीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपति झाले. त्यांच्या मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या कन्या. महाराजांचा तो धिप्पाड बांधा, ती रुंद छाती कोल्हापूरकर भोसल्यांची नव्हे. ती कागल व मुधोळ या दोन घरांची देणगी होय. कनिष्ठ बंधु पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब हे कागलासच राहिले. एकाच आईबापांचे दोन मुलगे. एक भोसले, दुसरा घाटगे. कुळावरून चेहरा सांगणारानें या दोघां भावांची छायाचित्रें पुढें ठेवून काय सांगावें?

कोल्हापूरच्या गादीस दत्तकाची संवयच झाली होती म्हणावयाची. १८६६ सालीं राजाराम महाराज दत्तक आले. ते १८७० सालीं विलायतेहून परततांना इटलींत फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांचा अर्धपुतळा त्या शहराच्या बागेंत अजून आहे. १८७१ सालीं चौथे शिवाजी दत्तक आले, आणि १८८४ सालीं शाहू. अठरा वर्षांत तीन वेळां गादीवरील चेहरा पालटला, कुळ तेंच राहिलें. पुढें १९४७ सालीं देवासचे विक्रमसिंह पवार हे शहाजी या नांवानें गादीवर आले. ते शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र. म्हणजे घाटग्यांचें रक्त देवासच्या वाटेनें, मुलीच्या पोटीं, पुन्हां कोल्हापुरास पोंचलें.

येथें आपल्या धर्मशास्त्रकारांच्या एका बारकाव्याकडे वाचकांचें लक्ष वेधावेसें वाटतें. दत्तक गेलेल्या मुलाचें गोत्र, नांव, पिंडाचा अधिकार, वतन हें सर्व बदलतें. पण लग्नाच्या बाबतींत जन्मकुळाचें सापिंड्य सुटत नाहीं. जन्मदात्या घरांतील ज्या मुलीशीं त्याचें लग्न पूर्वीं होऊं शकत नव्हतें तिच्याशीं तें दत्तकानंतरहि होऊं शकत नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यांतहि हा अपवाद तसाच ठेवलेला आहे. शरीराचें नातें व कुळाचें नातें हीं दोन वेगळीं आहेत हें जाणणाऱ्या शास्त्राच्या छायेंत वाढलेल्या समाजानें, कुळ म्हणजेच रक्त असें धरून इतका कलह माजवावा, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे.

तो कलह १८९९ सालीं कोल्हापुरांतच पेटला. महाराज कार्तिकांत पंचगंगेवर स्नानास जात, तेव्हां त्यांच्यासाठीं वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त म्हटले जातात हें ध्यानांत आलें, आणि वेदोक्ताचें प्रकरण सुरू झालें. ती कथा येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. भोसले क्षत्रिय आहेत कीं नाहींत या प्रश्नावर वंशावळी उलगडल्या गेल्या, ग्रंथांचे आधार काढले गेले. ज्यांच्या देहावर हे मंत्र म्हणावयाचे तो देह कागलचा होता, ही गोष्ट त्या वादांत कोणास फारशी आठवली नाहीं. आठवण्याचें प्रयोजनहि नव्हतें. वाद अधिकाराचा होता, आणि रक्ताची भाषा त्यास आयती सांपडली होती.

त्याच सुमारास दोन गोष्टी कोल्हापुराबाहेर घडल्या. मेंडेल नांवाच्या एका पाद्र्यानें मठाच्या बागेंत वाटाणे पेरून काढलेले आनुवंशाचे नियम १८६६ सालीं छापले गेले होते व धूळ खात पडले होते. १९०० सालीं तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ते पुन्हां उजेडांत आणले. आणि १९०१ सालीं हिंदुस्थानची खानेसुमारी झाली, तिचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले हे होते. मेंडेलचे म्हणणें असें कीं, वाटाण्याची उंची, फुलाचा रंग, दाण्याचा आकार हीं लक्षणें एकमेकांस बांधलेलीं नसतात. प्रत्येक आपल्या वाटेनें पुढील पिढींत जातें, आणि एखादें एका पिढींत लपून दुसरींत वर येतें. रिस्लेसाहेबांचा विश्वास नेमका याच्या उलट होता. एका मोजमापावरून सर्व माणूस, आणि माणसावरून सर्व जात, असा त्यांचा हिशेब.

तें मोजमाप नाकाचें. नाकाची रुंदी घ्यावयाची, तिला उंचीनें भागावयाचें व शंभरानें गुणावयाचें. उंची ५० मिलिमीटर व रुंदी ४० असेल तर अंक ८० येतो. सत्तरच्या खालीं तें नाक अरुंद, ८५ च्या वर तें रुंद, मधलें तें मध्यम. रिस्ले यांनीं बंगालकडील हजारों नाकें मोजवून १८९१ सालीं असा सिद्धांत मांडला कीं जातीची प्रतिष्ठा तिच्या सरासरी नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणांत असते. नाक जितकें रुंद तितकी जात खालीं! खानेसुमारींत जातींचा सामाजिक अनुक्रम लावण्याचा घाटहि त्यांनींच घातला. त्यापायीं निरनिराळ्या जातींनीं आपला दर्जा वाढवून मागणाऱ्या अर्जांचा ढीग पाडला. आपल्या मराठी लोकांस त्यांनीं शक व द्रविड यांच्या मिश्रणाच्या वर्गांत टाकलें. डोकीं जराशीं रुंद भरलीं, म्हणून शक! मराठ्यांच्या दूरवरच्या मोहिमा, गनिमी कावा व राजकारणांतील डावपेंच हींहि शक पूर्वजांचीं लक्षणें असावींत असा तर्क त्यांनीं लढविला. मावळांतील दऱ्याखोऱ्या, दुष्काळ आणि आदिलशाहीची चाकरी यांचा विचार त्यांस सुचला नाहीं. कंपासानें मोजलेल्या कवटींत इतिहास शोधावयास बसलें म्हणजे असें होतें.

या सिद्धांताची फेड मुंबईंत झाली. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत तेच आंकडे प्रांतवार लावून पाहिले. गंगेच्या खोऱ्यांत कांहीं ठिकाणीं नाक व प्रतिष्ठा यांचा मेळ बसतो, पण मुंबई इलाख्यांत तो बसत नाहीं, असें त्यांस दिसलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या मूळाविषयींच्या आपल्या १९४८ सालच्या ग्रंथांत घुर्यांच्याच मापांचा आधार घेऊन, ब्राह्मण व अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे होत ही कल्पना खोडून काढली. ज्या फूटपट्टीनें माणसें खालीं बसविलीं गेलीं, तीच त्यांनीं हातीं घेतली व उलट बाजूनें वाचून दाखविली. या बाबासाहेबांस आपले पुढारी म्हणून शाहू महाराजांनीं ज्या परिषदेंत मार्च १९२० मध्यें जाहीरपणें गौरविलें, तें माणगांव कागल जहागिरींतीलच होतें. कागलच्या मातीचा या विषयाशीं असा तिसरा संबंध.

नाकाविषयीं आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. थंड व कोरड्या हवेंत अरुंद नाक, उष्ण व दमट हवेंत रुंद नाक अधिक आढळतें, हें १९२३ सालींच मांडलें गेलें होतें. २०१७ सालच्या एका संशोधनांत नाकपुड्यांच्या रुंदीचा असाच मेळ उष्णता व आर्द्रता यांच्याशीं दिसला. श्वासावाटे जाणारी हवा ऊबदार व ओलसर करणें हें नाकाचें काम आहे. शेंकडों पिढ्यांनीं कोणत्या हवेंत श्वास घेतला याची थोडी खूण त्यावर राहते. पंक्तींत पान कोठें मांडलें होतें याची राहत नाहीं.

आतां एका मराठी बाईंची गोष्ट. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या व ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानववंशशास्त्र शिकूं लागल्या. फिशर यांची गणना त्या काळच्या यूरोपांतील मोठ्या वंशशास्त्रज्ञांत होत असे. कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंतील असमानता वंशागणिक निराळी असते, गोऱ्यांत ती विशेष रीतीनें आढळते व बुद्धीशीं तिचा संबंध असतो, असें त्यांचें मत. विद्यार्थिनीस विषय तोच मिळाला. बाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनांच्या आफ्रिकेंतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याहि होत्या. त्या कशा आणल्या गेल्या हें मनांत आणलें म्हणजे त्या संग्रहालयांतील शांतता अंगावर येते. निष्कर्ष असा निघाला कीं असमानतेचा वंशाशीं संबंध नाहीं, आणि बाईंनीं तो तसाच लिहिला. परदेशांतील विद्यार्थिनी, पदवी गुरूच्या हातीं, आणि गुरूच्या मताविरुद्ध आंकडे! प्राध्यापकी करणाऱ्या आम्हांस त्या धैर्याची किंमत जरा अधिक कळते. पदवी मिळाली, परंतु श्रेणी खालची मिळाली. पुढें थोड्याच वर्षांत फिशर यांच्या संस्थेचें शास्त्र नाझी राजवटीच्या चाकरीस लागलें, व आजाआजीच्या वंशावरून माणसाच्या जगण्यामरण्याचा निकाल होऊं लागला.

बाई परत आल्यावर मोजमापाचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. महाराष्ट्रांतील लोकांचीं मापें घेऊन १९५१ सालीं त्यांनीं वि. म. दांडेकर यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९६८ सालीं कैलास मल्होत्रा यांच्यासह समान दर्जाच्या आठ ज्ञातींची शरीरतुलना केली. ब्राह्मण किंवा कुंभार असें एक नांव धारण करणाऱ्या पोटजाति एकाच मूळ कुळाच्या फांद्या होत हें म्हणणें त्यांनीं मानलें नाहीं. एका धंद्याचे, एका दर्जाचे पण निरनिराळ्या ठिकाणचे गट एका नांवाखालीं आले, असें त्यांचें मत होतें. घरांत कोंकणस्थ-देशस्थांच्या नाकाडोळ्यांवर विनोद करणाऱ्या वाचकांनीं तें अवश्य पाहावें.

शरीर बदलतें किती, हा प्रश्नहि आहेच. फ्रान्झ बोआस यांनीं १९१० च्या सुमारास अमेरिकेंत आलेले परदेशी लोक व त्यांचीं मुलें अशीं सुमारें १८,००० माणसें मोजली, आणि अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांहून किंचित् वेगळा भरतो असें दाखविलें. या आंकड्यांवर २००२-०३ सालीं पुन्हां वाद झाला. फरक आहे खरा, पण आनुवंशाच्या मानानें लहान, असें एका पक्षानें म्हटलें. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. बाप तसा बेटा हें कोणी नाकारीत नाहीं. पण बेट्याच्या ताटांत दूध असलें तर तो बापाहून चार बोटें उंच होतो, हें कोल्हापूरच्या तालमींत कोणीहि सांगेल.

अलीकडील शास्त्रानें नाक सोडून जनुक धरलें. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह २००९ व २०१३ सालीं जें प्रसिद्ध केलें त्याचें सार असें: आज हिंदुस्थानांत जे समाज आहेत ते जवळजवळ सर्व दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणांतून झाले, प्रमाण कमीजास्त, पण मिश्रण सर्वांत. हें मिश्रण सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत मोठ्या प्रमाणावर झालें, व नंतर जातींतल्या जातींत लग्नें करण्याची रूढि घट्ट झाली. म्हणजे शुद्ध रक्ताचा अभिमान धरणारी प्रत्येक जात, दार लावून घेण्यापूर्वीं, सर्वांबरोबर अंगणांत होती. दार लावल्याचे परिणामहि झाले. लहानशा गटांत पिढ्यानुपिढ्या लग्नें झालीं म्हणजे एखादा लपलेला दोष दोन्ही बाजूंनीं येऊन भेटतो. आंध्राकडील वैश्य समाजांत कांहींजणांस शस्त्रक्रियेच्या वेळीं दिलेल्या एका औषधाचा अंमल लौकर उतरत नाहीं, हें त्याचें ठळक उदाहरण होय.

रंगाचें पाहावें तर २००५ सालीं एका फिकट झेब्रा माशावरून एस्‌एल्‌सी-२४-ए-५ या बोजड नांवाचें जनुक सांपडलें. त्याचें उजळ रूप यूरोपांत जवळजवळ सर्वांत, आणि हिंदुस्थानांतहि पुष्कळांत आढळतें. २०१३ सालीं असें दिसून आलें कीं दोन्हीकडील तें रूप एकाच मूळ बदलापासून आलेलें आहे. दक्षिणेंतील ज्या समाजांत हें तपासलें त्यांत रंगाच्या फरकापैकीं सुमारें २७ टक्के या एका जनुकानें उलगडला. बाकीचा इतर जनुकांनीं व उन्हानें. स्थळें पाहतांना मुलीचा रंग उन्हांत नेऊन पारखणाऱ्या वरमाय आम्हीं पाहिल्या आहेत. त्या काय पारखीत होत्या हें त्यांस कोणी सांगितलें तर त्या निराश होतील.

घाऱ्या डोळ्यांची तीच कथा. डोळ्यांत काळा रंग किती भरावयाचा हें मुख्यत्वें एका जागेवर ठरतें, असें २००८ पासून ठाऊक आहे. साहाय्यक जनुकें आणखी आहेत. काळा रंग वरचढ, फिका दबणारा. फिक्याची एक एक प्रत आईनें व बापानें अंगांत बाळगली, तर दोघांचे डोळे काळेच राहतात, आणि दोन्ही प्रति एका मुलांत आल्या म्हणजे तें घारें होतें. कोंकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांवरून त्यांस कोणी इराणांतून आणलें, कोणी मिसरांतून. परंतु घारे डोळे आम्हीं धनगरांत पाहिले आहेत, मुसलमानांत पाहिले आहेत, आणि कागलच्या त्या शेतकऱ्याच्या घरीं तर पाहिलेच.

त्या रात्रीं आम्हीं म्हाताऱ्यांस मेंडेलचे वाटाणे सांगितले. कागद घेऊन चार चौकोन काढले. ते दिव्याखालीं कागद धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आमची काळी गाय काळ्याच वळूकडनं दोनदा तांबडी व्याली, सर. तवा कोन कुनाला काय बोललं न्हाई."

सून स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती परत येऊन तेव्हां सात-आठ वर्षें झालीं होतीं. तिनें कागद मागून घेतला व फडताळांत ठेवला. मुलगी आतां सातवींत आहे. गेल्या उरुसांत दिसली तेव्हां तिला चष्मा लागला होता, आणि नाक, आमचे यजमान सांगतात, अगदीं त्यांच्या आईचें आहे.